हात सोडला की बंद

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सर, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं द्या. गॅरेजमधले किस्से, पोरांच्या गमतीजमती." मी हो म्हणालो. लिहायला बसलो, चार वेळा सुरुवात केली, आणि चारही वेळा हात त्याच एका प्रसंगावर जाऊन थांबला. त्यात गंमत नाही, राग आहे. इतकी वर्षं झाली, तो कमी होईना. तेव्हा संपादकांची माफी मागून तेच लिहितो. सुरुवातीला एक किस्सा देतो, म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको.

मी आधी नांदेडला गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो, आठ वर्षं. नंतर लातूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक झालो. शिल्पनिदेशक म्हणजे मोटार मेकॅनिकचा धंदा शिकवणारा मास्तर. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथं आज शिकवणारे लोक वेगळे आहेत, त्यांच्या अंगावर माझा राग जायला नको.

नांदेडच्या गॅरेजचे मालक रशीद उस्ताद. त्यांचं सगळं शिक्षण एका वाक्यात होतं: "पैले पूछ, बाद में खोल." गाडी आली की पाना हातात घ्यायचा नाही, आधी मालकाला विचारायचं. एकदा अर्धापूरचे एक केळीचे व्यापारी गाडी ओढत घेऊन आले. गाडी चालू व्हायची आणि लगेच बंद पडायची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप बदलला, तिसऱ्यानं सांगितलं की इंजिन उतरवावं लागंल. व्यापारी वैतागून गेले होते. उस्तादांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "सेठ, बंद पडण्याआधी गाडी किती दिवस उभी होती?"

"पंधरा दिवस. मी माल घेऊन बाहेर गेलतो."

"कुठं उभी होती?"

"केळीच्या शेडमध्ये."

उस्तादांनी मला एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगितला. आत उंदरांचं घर. केळीच्या वाळल्या पानांच्या चिंध्या कोंबून कोंबून भरलेल्या, मधोमध तीन पिल्लं. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता. पिल्लं बाहेर काढली, गाडी चालू झाली. तिघांपैकी एकानंही तो डबा उघडला नव्हता, आणि एकानंही सेठना काही विचारलं नव्हतं. उस्ताद हसले. मला मात्र हसू आलं नाही. बिनकामाचा बदललेला तो पंप बघून मला राग येत होता. मी तेव्हापासून असाच आहे.

इंजिन चालू होऊन बंद पडणं ही तक्रार ऐकायला सोपी वाटते. बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगतो. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. चावी पूर्ण फिरवून सेल्फ मारतो तेव्हा गाडी इंजिनाला लाडानं जास्तीचं पेट्रोल पाजते, वीज वेगळ्या वाटेनं देते. चावी सोडली की ती आपोआप एक घर मागं येते, आणि तिथून पुढं इंजिनानं स्वतःच्या पायावर चालायचं असतं. चालू होऊन बंद पडणारी गाडी म्हणजे पाजलं तर पिणारी, पण स्वतःहून न खाणारी. आता ती का खात नाही, हे ओळखायची पहिली खूण कानात असते. हवेचा किंवा पेट्रोलचा दोष असला तर इंजिन धडपडतं, गुरगुरतं, मग पडतं. विजेचा दोष असला तर एकदम पडतं, घरातला दिवा बंद केल्यासारखं. हे उस्तादांनी मला शिकवलं आणि मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं.

आमच्या संस्थेत शिकण्यासाठी एकच चालू गाडी होती, कुणीतरी दान दिलेली जुनी पेट्रोल गाडी. बाकी कापून ठेवलेली इंजिनं आणि भिंतीवरचे तक्ते. मी त्या गाडीला कुलूप कधी लावलं नाही. पोरांनी रोज चावी फिरवली पाहिजे, ऐकलं पाहिजे, बिघडवली तरी चालेल, असं माझं मत होतं. प्राचार्यांना ते पटत नसे. पण ते माणूस म्हणून सज्जन होते, भांडत नसत.

त्या वर्षी बावीस पोरं होती आणि त्यात एक मुलगी, निकिता. चाकूरकडच्या एका गावातून एसटीनं येऊन जाऊन करायची. तिचे वडील चाकूर ते लातूर काळीपिवळी चालवायचे. डोळ्याला कमी दिसायला लागलं तशी त्यांनी गाडी विकली आणि घरी बसले. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, हाच ट्रेड का घेतलास? मला वाटलं आवड आहे वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "आमची गाडी लई वेळा बंद पडायची सर. बाबा खाली उतरले की मी चावी धरून बसायची. ती का बंद पडती ते कुणी सांगितलंच न्हाई." दोन वर्षं ती फार बोलली नाही. पण तिच्या कानासारखा कान माझ्या नोकरीत मी दुसरा बघितला नाही. प्लगची एक वायर ढिली करून मी तिला पाठमोरी उभी करायचो. कोणता सिलिंडर मारत नाही ते ती आवाजावरून सांगायची. दहातल्या आठ वेळा बरोबर.

शेवटच्या वर्षाला पुण्याकडच्या एका कारखान्याचे लोक आले आणि चौघांना निवडून गेले. तीन मुलं आणि निकिता. अट एकच, निकाल लागला की महिनाभरात पासाचं प्रमाणपत्र घेऊन हजर व्हायचं.

प्रात्यक्षिक परीक्षा अशी असते: बाहेरून एक परीक्षक येतात, आणि संस्थेचा निदेशक अंतर्गत परीक्षक म्हणून त्यांच्याबरोबर असतो. मी गाडीत मुद्दाम एक दोष करून ठेवायचा, तो काय आहे ते कागदावर लिहून परीक्षकांना द्यायचं. पोरानं चावी फिरवून बघायची, दोष शोधायचा, दुरुस्त करायचा, गाडी चालवून दाखवायची. गुणांच्या कागदावर शेवटचा रकाना असतो: दुरुस्तीनंतर इंजिन चालवून पाहिले. तिथं परीक्षक खूण करतात. शेवटी त्या कागदावर दोघांच्याही सह्या.

त्या दिवशीचे परीक्षक नांदेडच्या बाजूचे. आता ते निवृत्त झालेत, त्यांना नातवंडं आहेत असं ऐकतो. त्यांचं नाव मी घेणार नाही. मी सकाळी दोष लावला तो सोपा होता. एअर फिल्टरकडून इंजिनाकडं एक जाड रबरी नळी जाते, होज म्हणतात. तिचा पट्टा सोडून ती निसटती ठेवली. मग इंजिन बाहेरची न मोजलेली हवा ओढतं, चालू होतं, गुरगुरतं आणि बंद पडतं. नळी नीट बसवली की गाडी ठीक. मी दोन्ही करून बघितलं आणि कागदावर "होज" असं लिहून दिलं.

पहिल्या पाच पोरांची परीक्षा रीतसर झाली. मग ऊन चढलं. परीक्षक म्हणाले, "वाघमारे, असं प्रत्येकाला गाडी चालवू देत बसलो तर मी मुक्कामाला राहीन. चावी फिरवू द्या, काय दोष आहे ते लिहू द्या, नळी बसवून दाखवू द्या. पुन्हा चालवायची गरज नाही. धूरही होतोय." आणि ते शेडच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसले. तिथूनच शेवटच्या रकान्यात खुणा करू लागले.

हे पहिल्यांदाच होत होतं असं नाही. आधीच्या पोरांनी बाहेर येऊन "होज हाय, होज" असं बाकीच्यांना सांगितलेलं असतं, हेही मला माहीत होतं. दरवर्षी तसंच होतं. दरवर्षी आमचा निकाल शंभर टक्के लागत होता आणि मी गप्प बसत होतो. पोरं हुशार आहेत, मी त्यांना दोन वर्षं शिकवलंय, एका दिवसानं काय होतं, असं मनाला सांगत होतो. हा राग लिहिताना माझा वाटा आधी लिहिला पाहिजे, म्हणून लिहिला.

प्रत्येक पोरगं गेलं की मी पुन्हा नळी सोडून ठेवायचो. पुढचा यायचा, चावी फिरवायचा, गाडी चालू होऊन बंद पडायची, तो नळी बसवायचा, लिहायचा, जायचा. असे सतरा झाले. निकिताचा नंबर अठरावा.

तिनं चावी फिरवली. गाडी चालू झाली, बंद पडली. तिनं बोनेट उघडलं, नळी बसवली, पट्टा आवळला. आणि पुन्हा आत बसून चावी फिरवली. कुणी सांगितलं नव्हतं, तिची सवय होती. गाडी चालू झाली आणि बंद पडली.

मी शेडच्या खांबाजवळ उभा होतो. मला वाटलं, पट्टा नीट बसला नसेल. ती उतरली, पट्टा पुन्हा तपासला, परत बसली. सेल्फ मारला. इंजिनानं पकड घेतली, तिनं चावी सोडली आणि इंजिन एकदम पडलं. या वेळी मी ऐकलं. गुरगुर नाही, धडपड नाही. दिवा बंद केल्यासारखं.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "सर, हात सोडला की बंद पडून राहिली गाडी."

परीक्षेत मी बोलायचं नसतं. मी बोललो नाही.

ती खाली उतरली आणि टेस्ट लॅम्प घेतला. एक साधा बल्ब, त्याला दोन वायरी. वीज आहे का नाही ते बघायला. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलला जिथून वीज येते तिथं तिनं तो लावला आणि शेजारच्या पोराला चावी फिरवायला सांगितली. सेल्फ मारला की बल्ब पेटायचा. चावी सोडली की विझायचा. तिनं तीनदा बघितलं. मग ती स्वतः बसली, सेल्फ मारला, आणि चावी पूर्ण मागं न येऊ देता बोटांनी अर्ध्यावर धरून ठेवली. इंजिन चालू राहिलं. छान, एका लयीत चालत होतं. तिनं बोटं काढली, बंद.

इग्निशन स्विच गेला होता. चावीच्या मागं आतल्या बाजूला जो स्विच असतो, त्यातली सेल्फची पट्टी ठीक होती आणि चालू ठेवायची पट्टी झिजून वीज पुढं जाऊ देत नव्हती. किती वर्षं किती पोरांनी ती चावी फिरवली असेल. त्या दिवशी सकाळी ती पट्टी कशीबशी टिकून होती, दुपारपर्यंत गेली. पण नळी सुटलेली असल्यानं गाडी बंद पडायचीच होती, म्हणून ती दुसऱ्याच कारणानं बंद पडतेय हे कुणाला कळलं नाही. पोरांना नाही, परीक्षकांना नाही. आणि दर वेळी नळी सोडायला जाणाऱ्या मलाही नाही. आवाज बदलला होता, आणि तो ऐकायला शिकवणारा मास्तर चार पावलांवर उभा होता.

परीक्षकांनी टेबलावरूनच विचारलं, "झालं का गं? चालू झाली होती ना आता?"

"हाव सर. पण हात काढला की बंद पडती."

"होज लिही आणि जा."

"होज लावलं सर. दोष अजून हाय. स्विचचा हाय. बघायला या ना."

"मला बघायची गरज नाही. कागदावर होज आहे. तू होज शोधलंस. लिही, सही कर, जा. पास आहेस."

हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाहेर बसलेल्या सगळ्या पोरांनी ऐकलं. निकिता गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. ती म्हणाली, "पण गाडी दुरुस्त झाली न्हाई ना सर. मग मागच्या पोरांची कशी चालू झाली?"

तिनं ते साधेपणानं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. पण परीक्षकांच्या समोर पहिल्या पाचांनंतरचे बारा कागद होते आणि त्यातल्या प्रत्येकाच्या शेवटच्या रकान्यात इंजिन चालवून पाहिल्याची खूण होती. ते उठून गाडीपाशी आले असते, एकदा चावी फिरवून बघितली असती, तर त्यातली प्रत्येक खूण खोटी ठरली असती.

ते आले नाहीत. "वेळ संपली," म्हणाले. "कागद दे."

तिनं कागदावर लिहिलं होतं: होज निघालेलं होतं, बसवलं. दोष गेला नाही. इग्निशन स्विच खराब आहे, बदलावा लागेल. नीट, सरळ अक्षरात. परीक्षकांनी ते वाचलं, शेवटच्या रकान्यात फुली मारली आणि पासाला लागतात त्यापेक्षा चार गुण कमी दिले.

तिच्यानंतरच्या चार पोरांनी होज लिहिलं आणि ते पास झाले.

परीक्षा संपल्यावर गुणांचे कागद माझ्यासमोर आले. मी सही करणार नाही म्हणालो. परीक्षकांना हात धरून गाडीपाशी नेलं, टेस्ट लॅम्प लावून दाखवला. त्यांनी बल्ब पेटताना बघितला, विझताना बघितला. मग शांतपणे म्हणाले, "वाघमारे, तुम्ही दिलेल्या कागदावर काय लिहिलंय?"

"होज."

"तिनं शेवटचं उत्तर काय दिलं?"

"स्विच. आणि तेच खरंय. तुम्ही आत्ता बघितलं."

"मग तुमचा कागद चुकीचा होता असं लिहून द्या. म्हणजे सगळी परीक्षाच चुकीची. सगळ्यांची पुन्हा घेऊ, सहा महिन्यांनी. चालेल?"

मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसवलं. "वाघमारे, तुमचा मुद्दा बरोबर हाय. मी नाही म्हणत नाही. पण सही नाही झाली तर बावीसच्या बावीस पोरांचा निकाल अडकतो. कारखान्यात तीन पोरं लागून राहिलीत, त्यांचं काय? एका पोरीसाठी एकवीस जणांना बसवणार का घरी?"

मी विचारलं, "त्या पोरीलाही लागलंय ना काम?"

ते म्हणाले, "तिला पुढच्या वेळेला करू काहीतरी."

मी अर्धा तास त्या खुर्चीत बसून होतो. शिपाई पाणी ठेवून गेला. बाहेर परीक्षकांची बस चुकत होती, त्यांची कुरकुर ऐकू येत होती. मग मी सही केली. बावीस कागदांवर. निकिताच्या कागदावरही, जिथं फुली होती तिथं, आणि त्या सोळा कागदांवरही, जिथं न चालवलेलं इंजिन चालवून पाहिल्याची खूण होती. माझी सही मोठी आहे, पूर्ण नाव लिहितो. सगळ्या कागदांवर स्वच्छ उमटली.

दुसऱ्या दिवशी मी तो स्विच काढला, उघडला. आतली पितळी पट्टी कागदासारखी झिजलेली, कडा काळी पडलेली. फोटो काढले, स्विच पाकिटात घातला आणि वरच्या कार्यालयाला तीन पानांचा अर्ज केला. काय झालं, कसं झालं, पोरीनं काय शोधलं. माझीही चूक लिहिली. फेरतपासणी करा म्हटलं.

निकाल लागला. एकवीस पास, एक नापास. कारखान्यानं तिच्या जागी यादीतला पुढचा मुलगा घेतला. माझ्या अर्जाचं उत्तर त्यानंतर आलं. चार ओळी होत्या. तीन ओळी कसल्यातरी नियमांच्या. चौथीत लिहिलं होतं की सदर गुणपत्रिकेवर आपली अंतर्गत परीक्षक म्हणून स्वाक्षरी असल्यामुळे आपल्या तक्रारीचा विचार करता येत नाही.

मी ते पत्र घेऊन चाकूरला तिच्या घरी गेलो. तिचे वडील पत्र्याच्या सावलीत बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर उठून उभे राहिले. "बसा सर, बसा. पोरगी तुमचं लई नाव काढती." मला तिथून निघून जावंसं वाटलं. निकितानं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"सर, तुम्ही सही केली?"

"केली."

"मग अर्ज कशाला केला?"

त्यात कडवटपणा नव्हता. पट्टा नीट बसला का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. मी एकवीस पोरांचं सांगितलं, तीन नोकऱ्यांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही मला गाडीपाशीच सांगायला पाहिजे होतं सर, की होज लिही म्हणून. मी लिहिलं असतं. तुमचं ऐकलं असतं." मग ती चहा ठेवायला आत गेली. वडील माझ्याकडं तोंड करून बसले होते, त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, एवढंच बरं होतं.

सहा महिन्यांनी तिनं पुन्हा परीक्षा दिली. दुसऱ्या संस्थेत. परत आल्यावर तिनं फोन केला. मी विचारलं, कसं झालं?

"गाडीला बॅटरीच नव्हती सर. तोंडीच घेतलं. जे पुस्तकात हाय ते सांगितलं."

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवल्यावर टेबलावरचा पाना उचलून भिंतीवर फेकला. त्या वयात शोभणारी गोष्ट नव्हती. भिंतीचा रंग गेला, अजून गेलेलाच आहे. आज ती नांदेडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, गाड्यांवरच काम करते. ते मिळायला तिला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत ती एका कापडाच्या दुकानात उभी होती.

मी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी शंभर टक्के निकालाचं कौतुक केलं, एकदाच एक कमी झाला असं हसत सांगितलं. मी शाल घेतली आणि खाली बसलो.

त्यानंतर दोन वर्षांनी निलंग्याच्या बाजूच्या एका खाजगी संस्थेत परीक्षकाला माणूस मिळेना म्हणून मला बोलावलं. मी ठरवून गेलो. टेबल बाहेर टाकूच दिलं नाही. गाडीच्या दाराशी स्टूल घेऊन बसलो आणि चोवीस पोरांपैकी प्रत्येकाला माझ्यासमोर दोष शोधायला लावला, दुरुस्त करायला लावला, इंजिन चालवून दाखवायला लावलं. दोष पोरागणिक बदलत गेलो. कुणी बाहेर जाऊन कुणाला काही सांगू शकलं नाही. पहिला दिवस पुरला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिथले निदेशक हात जोडत होते. मी एकाही कागदावर खोटी खूण केली नाही. चार पोरं नापास झाली. एकाला बोनेटची खटकी कुठं असते तेही माहीत नव्हतं. मी फुली मारली आणि पूर्ण नाव लिहून सही केली. त्या संस्थेनं मला पुन्हा बोलावलं नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

घरी आल्यावर मी निकिताला फोन केला. खूप दिवसांनी केला होता. तिला सगळं सांगितलं, कसं स्टूल टाकून बसलो, कसे दोष बदलले. मला वाटलं तिला बरं वाटेल. मागं पान्यांचा, गाड्यांचा आवाज येत होता. ती ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "ती चार जणं कोण होती सर?"

मला माहीत नव्हतं. फक्त परीक्षेचे नंबर आठवत होते.

मी त्या संस्थेत फोन करून नावं मागितली. दिली नाहीत. तिथल्या निदेशकांनाच घरी गाठलं तेव्हा त्यांनी दोघांचे फोन नंबर दिले. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं उचलला, तो मुलगा कुठल्याशा ट्रॅक्टरच्या दुकानात होता. मी कोण ते सांगितलं. परीक्षेतला नंबर विचारला, तो खटकीवालाच निघाला. मी म्हणालो, "बाळा, तुला बोनेटची खटकी सापडली नव्हती. दोन वर्षं शिकलास ना तिथं? मग असं कसं झालं?" मला अजूनही राग येत होता, त्याच्यावरच.

तो म्हणाला, "सर, त्या गाडीला कुलूप असायचं. तिची चावी आम्ही पहिल्यांदा तुमच्यासमोरच फिरवली."